आधी बसा

"मामा, आधी बसा," बाई म्हणाल्या आणि माझ्या हातातली किटली तिरकीची तिरकीच राहिली. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून माझ्या चपलेवर ठिबकायला लागला, तरी मी आपला ओततोच आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, माणूस माणसाला बसा म्हणणारच. पण आमच्या ऑफिसात हे दोन शब्द कुणी असेच तोंडातून काढत नाही. पाहुणा आला तर आम्ही म्हणतो, टेका. देणगी द्यायला कुणी जाडजूड शेठ आला तर आमचा हवालदार बटण त्याला म्हणतो, विराजमान व्हा, आणि शेठ बिचारा मागे वळून बघतो की सिंहासन कुठंय, तर प्लास्टिकची खुर्ची, तीही एका पायाने लंगडी. बाईसुद्धा आम्हाला म्हणतात, अरे टेका की जरा, किती नाचताय. आधी बसा हे फक्त दारात म्हणायचं. परक्याच्या दारात. आणि ते म्हटलं की पुढे काय असतं, हे आम्हा तिघांना एकमेकांना सांगायची गरज कधी पडलेली नाही.

आमचं काम म्हणजे असं, की ड्यूटीवर पोलीस गेला, गेला म्हणजे वारला, की त्याच्या घरच्यांचं पुढचं बघायचं. संस्था बाईंची. त्यांचे साहेब असेच गेले. खबर द्यायला जो अधिकारी आला तो नवा, घाबरलेला, त्याने दारातच उभ्याउभ्या सगळं एका दमात सांगून टाकलं आणि बाई होत्या तशा मागे पडल्या त्या ओट्याच्या कडेवर. कानामागे अजून वण आहे, केस वर बांधले की दिसतो. बाई म्हणतात, नवरा गेला तो गेलाच, पण डोकं कशाला फुटायला हवं होतं? त्यावरून त्यांचा पहिला नियम झाला. माणूस बसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एकाने समोर, एकाने मागे. आता मोठे साहेब लोकही खबर द्यायला निघाले की आधी बाईंना फोन करतात, की तुम्ही चला हो, आम्हाला ते जमत नाही. समोर बाई. मागे मी. मी गाडीचा ड्रायव्हर, शिक्षण म्हणाल तर रस्त्यावरच्या पाट्या वाचण्यापुरतं, पण छाती रुंद आहे आणि तोंड बंद ठेवता येतं. मागे उभं राहायला एवढंच लागतं. नंतरचं काम पुष्कळ असतं, सरकारी खोली सोडावी लागते तेव्हा सामान माझ्याच गाडीतून जातं, मग पोरांची शाळा, शिवणयंत्र, म्हातारीच्या डोळ्यांचं ऑपरेशन. लोक देतातही भरभरून. काहीही देतात. एका कारखान्याने खोकंभर शाळेचे बूट पाठवले, सगळे डाव्या पायाचे. बटण म्हणाला, उजवे पाय कुठल्या संस्थेला गेले ते शोधा, आपण सोयरीक जुळवू. पण ते सगळं नंतरचं. आधी ती खुर्ची, आणि खुर्चीच्या मागे मी.

तर बाई बसा म्हणाल्या आणि तेवढ्यात बटण उठला. बटण म्हणजे आमचा रिटायर हवालदार, भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावून बसतो म्हणून बटण. जागचा हलायचा म्हटलं तर दहा वेळा कण्हणारा माणूस. तो न कण्हता उठला, टेबलाला वळसा घातला आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. खोकल्याच्या गोळीचा वास माझ्या मानेवर आला. मी इतकी वर्षं लोकांच्या मागे उभा राहिलो, पण मागे कुणी उभं राहिलं की पुढच्या माणसाला काय होतं ते मला कुठं ठाऊक होतं. पाठ गार पडते. आणि कानात एक बारीक शिट्टी सुरू होते, जशी कुकर ओरडायच्या आधी करतो तशी.

मला एकच पोर. ती पोलिसात आहे.

लहानपणापासून मी तिला फौजदार म्हणतो. घरात शिरलो की कमरेवर हात ठेवून विचारायची, बाबा, इतका वेळ कुठं होता, खरं सांगा. आई तिची हसून लोळायची. गमतीत म्हणता म्हणता पोरगी खरोखरच भरती झाली, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, अगं, मी काय काम करतो तुला ठाऊक आहे ना? मी कुणाच्या दाराशी गाडी उभी करतो? तर म्हणते, मग तुम्हाला बरंच की, रस्ता माहितीचा. अशी जीभ. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि तिने माझं ताट झाकून ठेवलं आणि सकाळी तेच गरम करून पुढे ठेवलं. आता ती जीपवर असते, शहराबाहेरच्या नाक्यावर, गाड्या थांबवायच्या, कागद बघायचे. आज दुपारपर्यंत तिकडेच होती. आत्ता कुठं होती ते बाईंना ठाऊक होतं, बटणला ठाऊक होतं, आणि मला नव्हतं.

"मामा, ऐका," बाई म्हणाल्या. "बसा."

"चहा सांडलाय. फडकं आणतो."

"चहा राहू दे."

"डाग पडेल. तुम्हीच ओरडाल मग."

मी फडकं आणलं. पुसलं. जिथं चहा नव्हता तिथंही पुसलं. मी सरकलो की बटण सरकत होता, हातभर अंतर ठेवून, हे मीच त्याला शिकवलेलं, की चिकटायचं नाही, लांबही राहायचं नाही, पडणारं माणूस सरळ पडत नाही, आधी एका बाजूला कलतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. आणि त्या क्षणी मला एक गोष्ट एवढी लख्ख कळली की हसूच यायला लागलं. मी बसेपर्यंत या बाईला बोलता येणार नाही. नियम तिचा आहे. म्हणजे मी उभा आहे तोवर काही झालेलंच नाही. पोरगी नाक्यावर आहे, कुणाचं तरी लायसन्स उलटंसुलटं करून बघतेय, ऊन डोळ्यावर येतंय म्हणून टोपी पुढे ओढतेय. मी खुर्चीला पाठ टेकली की ती मरणार. माझ्या ढुंगणावर आलं होतं सगळं, स्पष्ट बोलतो, माफ करा. मी पाय आवळून उभा राहिलो.

अशा पुष्कळ बायका मी बघितल्यात. बसत नाहीत. एक होती, इस्त्री करत होती. आम्ही आत गेलो, बाईंनी म्हटलं, ताई, आधी बसा, तर ती म्हणाली, एवढा एक शर्ट होऊ द्या, त्यांना संध्याकाळी लागेल. शर्ट झाला. मग तिने बाही परत उलगडली आणि परत इस्त्री फिरवली. मग कॉलर. मग पुन्हा बाही. मी मागे उभा, गरम कापडाचा वास नाकात, आणि मी मनात म्हणत होतो, बस गं बाई एकदाची, खाली गाडी आडवी लावलीय, कुणी हॉर्न वाजवेल. दुसरी एक आम्हाला बघून नळाखाली भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी. मला वाटायचं, यांना कळलेलं नसतं म्हणून असं करतात. बाकी सगळं सोडा, पण हे तरी मला कळायला हवं होतं की कळलेलं असतं. दार उघडतानाच कळलेलं असतं. तेवढा शर्ट संपेपर्यंत नवरा जिवंत ठेवायचा असतो, एवढंच.

"मी जरा गाडी बघून येतो," मी म्हटलं. "पुढच्या चाकात हवा कमी आहे."

"मामा!"

मी जिना उतरायला लागलो. मागे बटणचे बूट. खाली टायरचं दुकान आहे, तिथं रबराचा वास असतो, तो वास मला एरवी आवडतो, आज नाकाला फडकं लावलं. रस्ता होता तसाच होता. एक बाई केळ्यांचा भाव करत होती. एक माणूस दुसऱ्याला स्कूटर ढकलू लागत होता आणि दोघं हसत होते. मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही, आणि लगेच वाटलं, नाही, हसू देत, ते हसतायत म्हणजे काही झालेलं नाही. टायरवाल्याचा टीव्ही चालू होता आणि मी मुद्दाम तिकडे पाठ केली. खिशातला फोन मांडीला लागत होता. तो काढला की तिचा सकाळचा मेसेज दिसणार. बाबा, प्रेशरची गोळी घेतली का, हो किंवा नाही यात उत्तर द्या, कथा नको. मी कथाच पाठवली होती. तिने वाचली की नाही ते फोनवर खुणेने कळतं म्हणे, तीच मला शिकवत होती, मी म्हटलं मला कशाला ते, तू वाचतेस हे मला माहीत आहे. आता ती खूण बघायची माझी हिंमत नव्हती.

मी काच पुसायला घेतली. काचेत बटण दिसत होता, माझ्या खांद्यामागे, हात थोडे पुढे केलेले.

"बटण, हात खाली घे," मी म्हटलं. "लोक बघतायत."

"बघू देत."

"काय झालंय ते तुला माहीत आहे."

"मला फक्त मागे उभं राहा म्हणून खूण केली. देवाशपथ."

"मग तुझा चेहरा असा का?"

"माझा चेहरा असाच आहे, मामा. जन्मापासून."

यावर मी एरवी हसलो असतो. मला आमची ही आठवली. ती आत्ता घरी असेल, दुपारची आडवी झाली असेल, पंखा फुल करून, पदर तोंडावर घेऊन. ती टीव्हीवरच्या बातम्या लावत नाही. पोरगी भरती झाल्यापासून नाही. म्हणजे तिला काही ठाऊक नसणार. म्हणजे मला जावं लागणार. दार मी उघडणार, माझ्या किल्लीने, आणि ती पदर बाजूला करून म्हणणार, आज लवकर? आणि मला एकदम धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीची. बाई समोर बसतील. पण हिच्या मागे कोण उभं राहणार? मी तर समोर असणार. मी नवरा आहे, मी बाप आहे, मला समोर बसावं लागणार. बटणला आमचं घर माहीत नाही, पलंग भिंतीला लावलाय, मागे उभं राहायला जागाच नाही. तो पलंग आधी सरकवायला हवा. मी उभ्याउभ्या मनात पलंग सरकवायला लागलो, त्याचा एक पाय लादीत अडकतो, तो उचलून घ्यायला लागतो, आवाज होतो, ती जागी होणार. काच पुसून पुसून कोरडी झाली होती आणि फडकं काचेवर किंचाळत होतं.

बाई स्वतः खाली आल्या. त्यांच्या गुडघ्यांना जिना म्हणजे शिक्षा, एकेक पायरी कठड्याला धरून उतरतात. एका हातात ती लंगडी खुर्ची. रस्त्याच्या कडेला, गाडीच्या बाजूला त्यांनी ती ठेवली. टायरवाला दुकानातून ओरडला, "काय मामा, आज रस्त्यावरच दरबार?" बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं तसा तो आत गेला आणि टीव्हीचा आवाज बंद झाला. त्याने तो बंद केला म्हणून माझे पाय गेले. खुर्चीपर्यंत पोचलोच नाही. गाडीच्या पायरीवर बसलो, सरकतं दार उघडंच होतं, मागून बटणने काखेत धरलं.

बाईंनी माझ्यासमोर वाकून माझ्या दोन्ही मनगटांना धरलं. "तुमची पोर बरी आहे," त्या म्हणाल्या. "हे पहिलं. ऐकलंत? बरी आहे. हाताला खरचटलंय. चालतेय, बोलतेय."

मी हसलो. तसा हसलो नव्हतो कधी. घोडा खिंकाळावा तसा आवाज निघाला माझ्यातून आणि नाकातून पाणी आलं. केळीवाली वळून बघायला लागली. "मग बसा कशाला म्हणालात?" मी ओरडलोच बाईंवर. "जीव घेता का माणसाचा? टेका म्हणायचं होतं!"

"बाकीचं ऐकायला बसा म्हणाले," बाई म्हणाल्या. "तिचा जीपवाला गेला."

नाक्यावर एक ट्रक थांबला नव्हता. पोरीला बाजूला ढकललं ते त्यानेच, आणि स्वतः ट्रकसमोर राहिला. तिच्या जीपचा ड्रायव्हर, ती त्याला भाऊ म्हणायची, दिवसभर दोघांची भांडणं, खिडकी उघडी ठेवायची की बंद. मी त्याला पाहिलेलं नाही. लग्न नाही झालेलं, घरी एकटी आई. पोरीने हट्ट धरला होता की खबर तीच देणार, आणि त्याच्या आईच्या इमारतीखाली येऊन तिचे पाय उचलेनात, म्हणून साहेबांच्या गाडीत बसून राहिली होती. म्हणत होती, बाबांना बोलवा, ते मागे उभे राहतील.

मी गाडी चालवली. हात चालवतात, आपल्याला काही करावं लागत नाही. पण एक गोष्ट मला भेडसावत होती. ते हसू गेलं नव्हतं. गालाच्या आत कुठंतरी होतं, दातांमागे, दबा धरून. मी शरमेनं ओठ दाबत होतो आणि ते वर येत होतं. माझी आहे, माझी आहे, माझी आहे. सिग्नलला आरशात बघितलं तर डोळे चमकत होते, लग्नघरात असतात तसे. अशा तोंडाने मी त्याच्या आईच्या मागे उभा राहणार होतो. मागे म्हणजे तिला दिसणार तर नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मागे उभं राहणं किती सोयीचं असतं.

पोर साहेबांच्या गाडीत होती. मी दार उघडलं तर तिने माझा शर्ट मुठीत धरला, लहानपणी गर्दीत धरायची तसा. हाताला पट्टी. वर्दीवर डाग होते. तिचे नव्हते. तिच्या केसांना डांबराचा आणि धुळीचा वास येत होता आणि मी तो इतका खोल आत घेतला की छाती दुखली.

"बाबा, मी सांगते त्यांना."

"सांग. पण तू थोडी मागून ये, फौजदार. तुझे कपडे बघतील आधी."

बाईंनी सांगितलं तसं ठरलं. आधी बाई आणि मी वर, पोर आणि बटण एक मजला खाली थांबतील, बाईंनी हाक मारली की येतील. जुनी इमारत, लिफ्ट नाही. बाई कठडा धरून एकेक पायरी चढायला लागल्या. मी एरवी त्यांच्या मागेच चढतो, त्यांच्या गुडघ्याच्या चालीने. आज माझ्या पायांना ते जमेना. अंगात कसला जोर भरला होता देव जाणे, पायच मला ओढत होते, मी दोन-दोन पायऱ्या चढत होतो, आणि मला वाटलं, वर जाऊन थांबतो, बाई येईपर्यंत कठड्यापाशी उभा राहतो. वरच्या वळणावर पोचलो आणि समोरच त्यांचं दार. एक बारीकशी म्हातारी बाई दाराला कुलूप लावत होती. चष्मा डोक्यावर, हातात पिशवी, पायात एक चप्पल अर्धी घातलेली. माझी चाहूल लागली तशी वळली, चष्मा खाली ओढून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अहो, तुम्ही तिचे बाबा ना?" म्हणाली. "नाक तेच आहे की! आमच्या ह्याने फोटो दाखवला होता तुमचा. वाढदिवसाचा. मिशीला केक लागलेला." ती हसली, आणि मग दम लागल्यासारखी बोलायला लागली. "बघा ना, शेजारी म्हणतायत नाक्यावर काहीतरी झालंय, टीव्हीवर दाखवतायत. आमचा हा फोन उचलत नाही. त्याचं काय, तो नेहमीच उचलत नाही हो, गाडी चालवताना उचलू नकोस म्हणून मीच ओरडते. पण मला आपली तुमच्या पोरीची काळजी. पोरीची जात, उन्हातान्हात उभी असते. म्हटलं खाली जाऊन कुणाला तरी विचारावं." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "ती बरी आहे ना हो?"

खालून बाईंचा श्वास ऐकू येत होता, अर्ध्या मजल्यावर. एवढंच करायचं होतं की गप्प राहायचं. तेच तर माझं काम. पण दुपारपासून, नाही, ती भरती झाली त्या दिवसापासून कुणीतरी मला हे विचारावं आणि मी उत्तर द्यावं म्हणून माझा जीव टांगलेला होता, आणि या बाईने ते विचारलं, मनापासून, माझा हात धरून.

"हो," मी म्हटलं.

खणखणीत म्हटलं. जिन्यात घुमलं ते.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. डोळे मिटून म्हणाली, आणि तिने खरंच सुटकेचा श्वास टाकला. मग डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे बघितलं, तिथं जे काही होतं ते बघितलं. खाली जिन्याकडे बघितलं. परत माझ्याकडे.

"मग तुम्ही," ती म्हणाली, "माझ्याकडे का आलात?"